बर्फात लागलेलं ऊन

यवतमाळच्या आमच्या घराची गच्ची मे महिन्यात अशी तापते, की दुपारी चपलेशिवाय वर पाय ठेवायची सोय नाही. त्याच गच्चीवर उभं राहून मी निम्मं आयुष्य लोकांना बर्फात कसं चालायचं ते शिकवलं. संध्याकाळी कूलरमध्ये पाणी भरून झालं की मंडळी यायची. मी पिसांची झोपायची पिशवी उलगडून दाखवायची, आणि ती नुसती बघूनच लोकांना घाम फुटायचा. एकदा एका हौशी गृहस्थांनी आत शिरून चेन पार गळ्यापर्यंत ओढून घेतली. त्यांना बाहेर काढून, पाणी पाजून, पंख्याखाली बसवावं लागलं.

हिमालयातल्या उंच वाटांवर लोकांना पायी नेणं हा माझा धंदा. वडील कोर्टात, नवरा तहसिलीत, आणि मी ही अशी. कॉलेजात एनसीसीतून पहाडात शिबिराला गेले आणि तिथेच अडकले. लग्न झाल्यावर सुटेल म्हणून घरच्यांनी वाट पाहिली. सुटलं नाही. उलट दर मे महिन्यात दहा-पंधरा जणांना घेऊन मी धामणगावच्या स्टेशनावर हजर असायची. पुसद, उमरखेड, दारव्हा, कुठून कुठून लोक यायचे. मास्तर, कंपाउंडर, एसटीतले कंडक्टर, शेती करणारे. आता गुडघ्यांनी हात टेकले आहेत, आणि लोकही मोबाइलवरच सगळं ठरवून थेट डोंगराच्या पायथ्याशी पोचतात. मला त्याचा राग नाही. म्हणजे थोडा आहे, पण तो मी घरातल्या घरात काढते.

बाहेरच्यांना वाटतं, अशी सहल नेणारी बाई लोकांना वर चढवते. माझं खरं काम लोकांना आवरून धरायचं होतं. उंचावर हवा विरळ होते. शरीराला तिची सवय व्हायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ दिला तर साधा धडधाकट माणूस सहज खिंड ओलांडतो. म्हणून बेत आखताना मी वरून खाली यायची. आधी खिंडीचा दिवस ठरवायचा, मग आदल्या मुक्कामाची उंची, मग त्याच्या आधीच्या मुक्कामाची. आणि मधे एक दिवस रिकामा सोडायचा. त्या दिवशी खायचं, बसायचं, जवळच्या टेकाडावर जाऊन परत यायचं. बस. या रिकाम्या दिवसावरून माझी जेवढी भांडणं झाली तेवढी नवऱ्याशीही झाली नाहीत. "एवढ्या दूर जाऊन बसाचं कायले?" हा प्रश्न दर वर्षी कोणी ना कोणी विचारायचंच.

त्यात आपल्याकडचा माणूस पायानं चपळ. इथं ऊन वर यायच्या आत कामं उरकायची असतात. वावरात जाणारा फटफटायच्या आधी निघतो आणि झपाझप चालतो. इथं ते शहाणपणच आहे. वर तीच सवय अंगाशी येते. मी "हळू, हळू" म्हणून घसा कोरडा करायची, सगळे माना डोलवायचे, आणि पाच मिनिटांत पुढच्या वळणाआड दिसेनासे व्हायचे.

जायच्या आधी दीड-दोन महिने मी सगळ्यांना पाठीवर वजन घेऊन टेकड्या चढायला लावायची. वजन म्हणून पिशवीत तुरीची डाळ भरायची, कारण ती प्रत्येकाच्या घरी असते. पांढरकवड्याचे एक गोविंदभाऊ होते. मोठे ट्रकवाले, अंगानं भरदार. त्यांची पिशवी कायम टम्म फुगलेली, आणि भाऊ हरणासारखे टेकडी चढायचे. मी सगळ्यांना त्यांचं उदाहरण द्यायची. एक दिवस त्यांच्या पिशवीचा बंद सुटला आणि आतून कापूस बाहेर आला. नुसता कापूस, ठासून भरलेला.

"भाऊ, हे काय?" मी विचारलं.

"वजन सांगतलं होतं का तुमी ताई? तुमी तं म्हणे पिशवी भरून आणजा," भाऊ शांतपणे म्हणाले.

वर गेल्यावर पहिल्याच चढाला भाऊंनी खेचरवाल्याशी दोस्ती केली आणि उरलेली सहल त्याच्या शेजारून, गप्पा मारत, रिकाम्या पाठीनं केली. खिंडही ओलांडली. अजून दिवाळीला फराळाचा डबा पाठवतात.

पण मला सांगायचं आहे ते लीलाबाईंचं.

महागावकडच्या एका शेतकरी घरातल्या दोघी जावा. थोरल्या लीलाबाई पन्नाशीच्या, उंच, सडसडीत, बोलायला सडेतोड. धाकटी रेखा त्यांच्याहून बरीच लहान आणि अगदी अबोल. लीलाबाईंनी कोणाच्या तरी मोबाइलवर बर्फातल्या खिंडीची चित्रफीत पाहिली होती आणि माझा पत्ता काढत दोघी एसटीनं यवतमाळला आल्या होत्या. येणारे लोक बहुतेक जेवणाचं विचारतात, संडासाचं विचारतात. लीलाबाईंनी चहाची कपबशी खाली ठेवली आणि वेगळंच विचारलं.

"ताई, थे खिंड चढली का पल्याड काय दिसते?"

मी सांगितलं, पल्याड दुसरं खोरं आहे, खाली नदी आहे, आणि समोर बर्फाच्या शिखरांची रांगच्या रांग. आकाश मोकळं असेल तर नजर पोचेल तिथपर्यंत.

त्यांनी रेखाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आमच्याइकडे पल्याड काईच दिसत नाई. वावरामांगं वावर. मी पाहाले येतो ताई. पण हिले घेतल्याशिवाय नाई."

रेखा या घरात आली तेव्हा कोवळी पोर होती. भाकरी थापण्यापासून बाळंतपणापर्यंत तिचं सगळं लीलाबाईंनी केलं होतं. ती त्यांना नुसतं 'बाई' म्हणायची. घरात दोघींचे नवरे आधी हसले, मग रुसले, मग "जा बापा" म्हणाले. सरावाला दोघी आमच्या टेकडीवर आल्या तेव्हा लीलाबाईंनी डाळीची पिशवी सरळ डोक्यावर घेतली. ती त्यांच्या पाठीवर आणायला मला फार बोलावं लागलं.

वर पोचल्यावर त्यांच्याइतका आनंद कोणाला झाला नसेल. पहिला बर्फाचा ढिगारा दिसला तेव्हा त्यांनी मूठभर बर्फ रेखाच्या पदरात टाकला आणि तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. फक्त तो रिकामा दिवस त्यांना झेपला नाही. मी टेकाडावरून परत येऊन बघते तर बाई ओढ्यावर सगळ्या तुकडीची भांडी घासत बसलेल्या. बर्फाचं पाणी, हात लालभडक. मी रागावले. तर म्हणाल्या, "बसून बसून आंग दुखून राह्यलं ताई. उगंच कसं बसाव?" आयुष्यात एकही दिवस जिला बसायला मिळालं नव्हतं तिला मी बसायला सांगत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही खिंडीखालच्या शेवटच्या मुक्कामावर पोचलो. लख्ख ऊन पडलं होतं. तंबू लागले, चहा झाला, आणि दुपारी आमचा वाटाड्या प्रेमसिंग माझ्याकडे आला. वर्षानुवर्षं माझ्याबरोबर काम केलेला, कशानं न गोंधळणारा माणूस. त्या दिवशी मात्र गोंधळलेला होता.

"मॅडमजी," तो म्हणाला, "आपके लोग रसोई में आम जला रहे हैं."

मी हसतच स्वयंपाकाच्या तंबूत गेले. रेखा स्टोव्हवर कैऱ्या भाजत होती. शेजारी ठेचलेला कांदा. घरून निघताना दोघींनी कैऱ्या-कांद्याची पिशवी आणली होती हे मला ठाऊक होतं, पण ती जेवणासाठी असं मी समजत होते.

"काय गं, कैऱ्या कशाला?"

"बाईले ऊन लागलं," रेखा म्हणाली. घरी सांगावं इतक्या सहज. "कालपासून डोकं दुखून राह्यलं. जेवल्या नाई, ओकल्या दोनदा. पायाले कांदा चोळला. आता पन्हं देतो, उतरून जाईन."

मी तशीच लीलाबाईंच्या तंबूकडे वळले.

विरळ हवेचा त्रास सुरू होतो तेव्हा डोकं दुखतं, अन्नावरची वासना जाते, ओकारी येते, अंग गळून जातं. ऊन लागलं म्हणजे आपल्याकडे नेमकं हेच होतं. आणि बर्फावरून उलटून येणाऱ्या त्या उन्हानं सगळ्यांची तोंडं भाजली होतीच. यवतमाळच्या कुठल्याही शहाण्या माणसानं तेच अनुमान काढलं असतं. ऊन लागणं हा काही आपल्याकडे आजार नाही. सावलीत पडायचं, कांदा, पन्हं, संध्याकाळपर्यंत बरं वाटतं. त्यासाठी कोणी डॉक्टरला उठवत नाही, तर हिमालय दाखवायला आलेल्या ताईंना कशाला त्रास द्यायचा? पण ऊन लागलेलं जागच्या जागी उतरतं. हे उतरत नाही. यात माणसालाच खाली उतरावं लागतं, आणि उशीर केला तर ते जिवावर बेततं. जाण्याआधी गच्चीवर मी हे सगळं सांगते. डोकं दुखलं तर मला सांगा, हे तर दहादा सांगते. पण ज्याला आपण लहानपणापासून ओळखतो, त्याला नव्या नावानं कोण हाक मारतं?

लीलाबाई तंबूत डोक्याला दुपट्टा गुंडाळून पडल्या होत्या. मला बघून उठून बसल्या.

"काई नाई ताई. ऊन हाय."

यात एक साधी परीक्षा असते. माणसाला सरळ रेषेत, टाचेला बोटं जुळवत चालायला लावायचं. तोल गेला तर त्रास मेंदूपर्यंत गेला आहे असं समजायचं. मी त्यांना बाहेर आणलं आणि काठीनं जमिनीवर रेघ ओढली.

"लीलाबाई, हा धुरा समजा. धुऱ्यावरून चालता ना वावरात, तशा चाला."

डोक्यावर भारा घेऊन, चिखलात, शेताच्या दोन वितींच्या बांधावरून ही बाई आयुष्यभर चालत आली होती. त्यांनी एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि तिसऱ्याला त्या कलंडल्या. मी धरलं नसतं तर पडल्या असत्या. त्या रेघेकडे बघत राहिल्या, आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या डोळ्यांत भीती दिसली. मागे रेखा हातात पन्ह्याचा पेला घेऊन उभी होती.

"ताई, म्या केलं का हे?" ती म्हणाली.

"तू काही केलं नाहीस," मी म्हणाले. खरं तर मी ओरडलेच तिच्यावर. मला घाबरलं की ओरडायची सवय आहे.

पुढचं ठरवायला वेळ लागत नाही. औषध द्यायचं, प्राणवायू लावायचा, आणि उजेड आहे तोवर निघायचं. तुकडीला प्रेमसिंग उद्या खिंडीपलीकडे नेईल, आणि मी एका हमालाला घेऊन लीलाबाईंना आल्या वाटेनं खाली नेईन, असं मी सांगितलं. लीलाबाईंनी माझा हात धरला.

"ताई, उद्याचाच दिवस. थे पाहा, थे समोर तं दिसून राह्यली खिंड. उद्या पाहून येतो, मंग तुमी म्हणसान तिथं नेऊन टाका."

खिंड खरंच दिसत होती. इतकी स्वच्छ, की वरचे दगड मोजता आले असते. अशा वेळी माणसाला नाही म्हणायचं, यासाठीच लोक मला घेऊन जात होते. मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्या रेखाकडे वळल्या.

"तू जाय. मोहरं जाऊन पाह्य, अन् मले सांगजो काय दिसते थे."

रेखा जागची हलेना. मी तिला समजावलं, की तुझी तब्येत ठणठणीत आहे, बाईंबरोबर मी आहे, तू पलीकडून उतर, दोन दिवसांनी जीपनं पायथ्याच्या गावात आम्हाला येऊन मिळशील. तिनं मान हलवली.

खाली उतरताना थोडी वाट लीलाबाई माझ्या खांद्यावर रेलून चालल्या, थोडी हमालाच्या पाठीवर बसून. जसजसे खाली येत गेलो तसतसा त्यांच्या चेहऱ्यावरचा राखेचा रंग जाऊ लागला. कुरणातल्या मुक्कामावर पोचलो तेव्हा त्यांनी स्वतःहून चहा मागितला. माझा जीव भांड्यात पडला. चहाचे दोन घोट घेऊन त्या म्हणाल्या, "पाह्यलं का ताई? कांद्यानं उतरलं."

मी हात जोडले. प्राणवायू लावला मी, खाली आणलं मी, आणि मार्क सगळे कांद्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही पायथ्याच्या गावात आलो. आमच्या ओळखीच्या घराच्या ओसरीवरून खिंडीच्या बाजूचा डोंगर दिसतो. लीलाबाई तिथून हलेनात. हवा लख्ख होती, एक ढग नाही. "आता चढत असन रेखा," त्या म्हणायच्या. थोड्या वेळानं, "आता पोचली असन. आता पाहून राह्यली असन." असं म्हणताना त्यांच्या तोंडावर असं काही समाधान होतं, की मला तिथे थांबवेना. मी उगाच आत जाऊन भांड्यांची आवराआवर करू लागले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, ज्या वाटेनं आमचं कोणीच उतरायचं नव्हतं, त्या वाटेनं दोन माणसं उतरताना दिसली. पुढे हमाल, मागे जांभळी टोपी. रेखाची.

लीलाबाई उभ्या राहिल्या. रेखा अंगणात आली, पाठीवरची पिशवी खाली ठेवली आणि उभीच राहिली. हमालानं मला हिंदीत सांगितलं, की ही बाई खिंडीच्या शेवटच्या चढापर्यंत सगळ्यांबरोबर आली. वर खिंडीच्या माथ्यावर बांधलेले झेंडे दिसत होते. तिथे ती एका दगडावर बसली आणि पुढे यायला तयार होईना. प्रेमसिंगनं समजावलं, बाकीच्यांनी हात धरून ओढलं. शेवटी प्रेमसिंगनंच हिला परत पाठवलं.

"काहून आली वापस?" लीलाबाईंचा आवाज चढला. "पाह्यलं काहून नाई? मी तं इथी बसून..." त्यांनी डोंगराकडे हात केला. "सारं पाण्यात घातलं तूनं. अक्कल हाय का नाई?"

रेखा खाली मान घालून ऐकत होती. मग एवढंच म्हणाली, "तुमी विचारलं असतं, काय दिसलं म्हून. मले सांगता नसतं आलं बाई. पुढच्या साली दोघीबी पाहू."

लीलाबाईंनी दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला, आणि मारणार की काय असं वाटत असताना तिला जवळ ओढलं. मग दोघी रडल्या. मीही रडले. लपवायचं कारण नाही.

पुढच्या वर्षीची ती सहल माझी शेवटची. गुडघ्यांनी तोवर इशारे द्यायला सुरुवात केली होती, तरी मी गेले. इतकी वर्षं मी तुकडीसाठी बेत आखत होते. त्या वर्षी एका बाईसाठी आखला. मुक्काम जवळजवळ ठेवले. रिकामे दिवस दोन केले. आणि लीलाबाई बसल्या. गोधडी अंगावर घेऊन उन्हात दगडावर बसल्या, भांड्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नाक चोंदलं तरी मला येऊन सांगायच्या. खिंडीखालच्या मुक्कामावर मी न सांगता त्यांनीच काठीनं रेघ ओढली आणि टाचेला बोटं जुळवत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं. प्रेमसिंगनं टाळ्या वाजवल्या.

खिंडीच्या दिवशी पहाटे निघालो तेव्हा चांदण्या होत्या. उजाडलं तसे खालून ढग यायला लागले. शेवटच्या चढावर पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसत होती. दोघी हात धरून चढत होत्या, अगदी हळू, मी आयुष्यभर ज्या चालीसाठी घसा फोडला त्या चालीनं. वर पोचलो. दगडांचा ढीग, त्यावर ओले झेंडे, आणि बाकी सगळं पांढरं. पल्याड नव्हतंच. आलो तो चढही दिसत नव्हता.

आम्ही थांबलो. धुकं हलेल म्हणून थांबलो. ते हललं नाही, वर भुरभुर बर्फ पडायला लागलं. प्रेमसिंग माझ्याकडे बघत होता; आता उतरायला हवं होतं, हे मलाही कळत होतं. रेखा त्या दगडांपाशी उभी राहून हुंदके देत होती.

"त्या दिवशी सारं मोकळं होतं बाई," ती म्हणाली. "लख्ख ऊन पडलं होतं. मीच वापस आली. तुमाले सांगाले तरी झालं असतं."

लीलाबाईंनी तिच्या टोपीवरचा बर्फ झटकला.

"त्या दिवशी तुले एकटीले दिसलं असतं," त्या म्हणाल्या. "आता दोघीले सारखंच दिसलं." मग माझ्याकडे वळल्या. "ताई, तुमाले तं सारं मालूम हाय. तुमी सांगा, कुठं काय हाय थे."

मी प्रेमसिंगला हातानं थांबवलं. त्या पांढऱ्यात बोट दाखवून मी सांगायला लागले: खाली इथे नदी, इथे ती वळते, तिच्यावर हे पहिलं शिखर, त्याच्या खांद्याआडून दुसरं. आणि त्या दोघी, माझं बोट जिकडे जाईल तिकडे मान वळवून, बघत राहिल्या.